बाटल्यांवरची नावं

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात एक तळटीप आहे, दोन ओळींची. ती लिहिताना मला जेवढा त्रास झाला तेवढा बाकीचा सगळा प्रबंध लिहिताना झाला नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही, आणि कुणी विचारायची वाटही बघत नाही. धाराशिवच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते, तासिकेवर. पीएच.डी.ला विषय घेतला तो शेतांच्या नावांचा. आमच्या बेंबळीकडच्या गावांत प्रत्येक रानाला नाव असतं. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर, पण घरातल्या माणसाच्या तोंडात चिंचेचं, गोठणीचं, लवणातलं. ही नावं म्हाताऱ्या माणसांबरोबर चालली आहेत. ती गोळा करायची आणि कुठून आली ते शोधायचं, एवढा साधा विषय. गाईड सर म्हणाले, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही, तुम्ही तिथल्याच. हे वाक्य मी बरेच दिवस मिरवलं.

आता 'तिथली' म्हणजे किती तिथली, हे मी सरांना सांगितलं नव्हतं. पाचवीपासून मी मामाकडं राहून शिकले. सुट्टीला घरी यायचे तेव्हा अण्णा मला रानात जाऊ द्यायचे नाहीत. पुस्तक घेऊन बस म्हणायचे. त्यामुळं आमच्याच रानाला घरात 'खालचं रान' म्हणतात, यापलीकडं मला काही माहीत नव्हतं.

पण मी पद्धतशीर होते. फाईल होती, प्रश्नावली होती, आणि कॉलेजच्या शिक्क्याचं संमतीपत्र होतं. नाव, वय, गट नंबर, खाली सही नाहीतर अंगठा. संशोधनाला ते लागतंच. मी गेले की लोक खुर्ची पुसून द्यायचे, टोपी नीट करून समोर बसायचे, 'म्याडम' म्हणायचे. ज्यांच्या कडेवर मी वाढले त्या बायासुद्धा म्याडम म्हणायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. मग मी विचारायचे, या रानाचं नाव काय. ते गट नंबर सांगायचे. जुनं नाव विचारलं की म्हणायचे, "नाव कसलं आलंय, रानच की." एका आजोबांनी तर पेटीतून सातबाऱ्याची झेरॉक्स काढून हातात दिली आणि म्हणाले, ह्यात समदं आहे.

अण्णांकडंही मी फाईल घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा लावून संमतीपत्र दोनदा वाचलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"खालचं रान म्हनून लिही," म्हणाले. "न्हायतर गट नंबर टाक, त्यो पक्का असतोय."

चार वर्षं अशी गेली. विद्यापीठाच्या समितीपुढं प्रगती अहवाल ठेवला तेव्हा एका बाईंनी पानं उलटली आणि विचारलं, शेतांच्या नावांवरच्या कामात नावं कुठं आहेत? सहा महिन्यांत नावं आणा, नाहीतर विषय बदला. विषय बदला म्हणजे चार वर्षं पाण्यात. घरी मी कुणाला हे सांगितलं नाही. अण्णा गावभर सांगत फिरत होते की आमची पोरगी आता डॉक्टर होणार.

आणि नेमकी त्याच महिन्यात ती आली.

ती भूजलावर संशोधन करत होती. खडकातलं पाणी, त्यातले क्षार, कुठल्या विहिरीचं पाणी कधी उतरतं, असलं काहीतरी. गाईड सरांच्या ओळखीतली. तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्याचे नमुने घ्यायचे होते आणि आठ दिवस राहायला जागा हवी होती. सरांनी मला विचारलं, मी हो म्हणाले. नाही कसं म्हणणार?

तिचे आईवडील दोघं प्राध्यापक. आजोबासुद्धा कॉलेजात शिकवायचे. जेवताना तिनं हे असं सांगितलं, जसं आपण सांगतो की घरी दोन म्हशी आहेत. शाळेत असताना तिचे निबंध तिची आई तपासायची म्हणे. माझ्या प्रगतिपुस्तकावर आई अंगठा द्यायची आणि शाई पुसायला पदर घ्यायची. हे मी तिला सांगितलं नाही. त्या वेळी मी तिला भाकरी वाढत होते.

तिचं सामान म्हणजे बाटल्यांचं एक खोकं, वजन बांधलेली टेप, पाण्यात बुडवायचं एक छोटं यंत्र आणि एक वही. फाईल नाही, फॉर्म नाही. सकाळी अण्णांबरोबर निघायची. विहिरीवर जाऊन बाटली भरायची, तिथं कुणी असेल त्याला विचारायची, काका, हे पाणी गोड आहे का हो? एवढाच तिचा प्रश्न. संध्याकाळी दोघं हसत घरी यायची. अण्णा माझ्याशी एवढं कधी हसले होते ते आठवायला लागले, तर मला शाळेपर्यंत मागं जावं लागलं. माझ्याशी बोलताना ते शब्द निवडून बोलायचे. 'न्हाय' तोंडात आलेलं गिळून 'नाही' म्हणायला बघायचे. तिच्याशी मात्र मोकळे. पोरी म्हणायचे तिला. तीही त्यांना चहात भाकरी बुडवून खाताना बघून तसंच खायला बसली. मला ते नाटक वाटलं. नाटक नव्हतं, ते मला तेव्हाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी पडवीत भरलेल्या बाटल्या ओळीनं ठेवल्या होत्या. झाडायला गेले आणि चिठ्ठ्या वाचल्या. मला वाटलं होतं आकडे असतील. नावं होती. 'डोणाचं रान, पाणी मचूळ.' 'गोठणीतली विहीर.' 'सवतीची पट्टी, पाणी गोड, मार्चनंतर नाही.' ज्या आजोबांनी मला झेरॉक्स दिली होती त्यांचीच ती सवतीची पट्टी. मी केरसुणी हातात धरून ओळीच्या टोकापर्यंत सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. माझा प्रबंध आमच्याच पडवीत प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून ठेवला होता, आणि भरणारीला तो काय आहे ते माहीतसुद्धा नव्हतं. बाटल्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून नावं लागत होती तिला, बस.

मी तिला विचारू शकले असते. तिनं वही उघडून दिली असती, एका शब्दानं. म्हणूनच विचारलं नाही.

पाचव्या दिवशी ती नळदुर्गच्या बाजूला गेली, तिच्या दोघा सहकाऱ्यांबरोबर, गाडीनं. वही फडताळात राहिली होती. आई दळणाला गेलेली, अण्णा रानात. मी दार लोटून घेतलं आणि मोबाईलवर एकेका पानाचा फोटो काढायला लागले. हात थरथरत होता असं लिहायला बरं वाटलं असतं, पण नव्हता. फोटो चांगले स्वच्छ आले. नावं होतीच, शिवाय कोण काय बोललं तेही तिनं बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं.

नवव्या पानावर आमचा गट नंबर होता. पुढं लिहिलं होतं: 'थोरलीचं रान. विहीर थोरलीनं पाडली. पाणी गोड, आटत नाही. सांगणारे: काका, घरचे.'

थोरली कोण, मला माहीत नव्हतं. माझ्याच रानाची, माझ्याच घरातली बाई, आणि ती मला परक्या पोरीच्या वहीत भेटत होती. 'घरचे' हा शब्द तर मी किती वेळा वाचला असेन.

मी तशीच उन्हात रानात गेले. अण्णा विहिरीच्या काठावर बसून पाइपाची गळती बांधत होते. मी विचारलं, थोरली कोण?

त्यांनी हातातली सुतळी आवळली, गाठ मारली, मग बोलले. त्यांच्या आज्याची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात माघारी आली ती पुन्हा नांदायला गेली नाही. भावानं तिला हे रान तोंडी दिलं. तेव्हा ते नुसतं बरड होतं. गड्यांबरोबर पाटीनं मुरूम उपसून तिनं ही विहीर पाडली. तिला मूलबाळ नव्हतं. ती गेल्यावर रान घरातच राहिलं.

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू कुठं इचारलंस."

"विचारलं की अण्णा. फॉर्म घेऊन बसले होते तुमच्यासमोर."

"त्येच म्हनतोय म्या," अण्णा म्हणाले. "तिनं बाटली पुढं केली. तू शिक्क्याचा कागद पुढं केलास, वर सही मागितलीस. उद्या थोरलीच्या सासरचा कोन उठला आन म्हनला, ह्ये बघा, ह्यांनीच लिहून दिलंय थोरलीचं रान म्हनून, तर? समद्या गावानं त्येच केलं. लोकं मला इचारून गेली, तुमची पोरगी सरकारातनं आलीया का. म्या म्हनलो, नंबर सांगा, नंबरानं काय बिघडत न्हाय."

म्हणजे सगळ्या गावाला नंबर सांगायला माझ्या बापानंच शिकवलं होतं. आणि ते मला चार वर्षं कळू नये इतकी मी शिकलेली होते. कागदावर रानाचं नाव लिहून खाली सही करायची म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतं. त्या पोरीला कळत नसतं तर चाललं असतं. मला कळायला हवं होतं.

घरी येऊन मी फोटो पुसून टाकले, सगळे. मन मोठं झालं म्हणून नव्हे. तिच्या वहीतनं उचललेल्या नावांवर डॉक्टर झाले तर ती एक दिवस ओळखेल आणि काही बोलणार नाही, ते मला सहन झालं नसतं. पण 'थोरलीचं' पुसता येईना. ते डोक्यात बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फाईल घरी ठेवली आणि तिचं खोकं उचललं. म्हणाले, आज मी येते, बाटल्या धरायला. ती खूश झाली. मला ते बघवलं नाही. पहिल्या दोन विहिरींवर लोक मला बघून गप्पच झाले. तिसरीवर एक म्हातारी कपडे धूत होती. तिनं माझ्या रिकाम्या काखेकडं बघितलं आणि विचारलं, "म्याडम, आज दप्तर न्हाय आनलं व्हय?" मी म्हणाले, नाही, आज हमाल आहे. म्हातारी हसली. बऱ्याच वेळानं रानाचं नाव सांगितलं, तेही बाटली भरणाऱ्या पोरीकडं तोंड करून. मी ऐकलं.

ती गेल्यावर सहा महिने मी नुसती चालले. अण्णांना पुढं घातलं, कळशी घेतली, माणूस बघून पाणी मागितलं, बसले. घरी येऊन लिहिलं. नाव वापरू का म्हणून नंतर तोंडी विचारलं, आणि गट नंबर कुठंच घालणार नाही असा शब्द दिला. समितीनं तो बदल मान्य केला. नावं आली. तिनं भरल्या त्या बाटल्यांपेक्षा जास्तच आली, हे मी मोजलं आहे.

राहिलं एक नाव. गाईड सर म्हणाले, तुमचंच शेत, वडिलांकडून समजलं असं लिहून टाका, कोण विचारतंय? कोणी विचारलं नसतं. पण वडिलांनी ते मला सांगितलं नव्हतं, मी वाचलं होतं, तेही न विचारता. तिला फोन करून वहीचं सांगितलं. ती म्हणाली, अगं मग फोटो तरी ठेवायचेस. असं बोलणाऱ्या माणसाचं करायचं काय? मी तळटीप लिहिली. तिचं पूर्ण नाव आणि 'यांच्या क्षेत्रीय वहीतील नोंदीवरून'.

प्रबंधाची बांधलेली प्रत अण्णांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी आधी आपलं रान शोधलं. बोट ठेवून वाचलं, मग पानाच्या तळाशी आले.

"हितं त्या पोरीचं नाव कसं?"

"तिला तुम्ही आधी सांगितलं म्हणून."

अण्णांनी प्रत मिटली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि फडताळात वरच्या फळीवर ठेवली. मला वाटलं, आता तरी लागलं असेल त्यांना. दारात जाऊन चप्पल घालताना म्हणाले, "हुरड्याला बोलव बरं का तिला एकदा. लई गुणाची पोर."

मी बघते म्हणाले. दोन हुरडे होऊन गेले, मी अजून बघतेच आहे.