मायच्या परसातली मिरची

लग्न होऊन सून आमच्या विक्रोळीच्या घरी आली, तेव्हा तिच्या सामानात मिरचीच्या बियांची एक पुडी होती. ती नागपूरकडची, आम्ही मालवणकडचे. तिची माय लग्नाच्या थोडं आधी गेली. बी मायच्या परसातलं. भावाने गावचं घर विकलं आणि परसावर सिमेंट पडलं. ती मिरची आता एवढ्या पुडीतच उरली होती.

मी म्हटलं, "लाव गो, खिडकीच्या ग्रिलमध्ये जागा आहे." जागा कसली, वीतभर ऊन! तिथे माझी लवंगी मिरची आणि मुलाने लावलेली ज्वाला आधीच होत्या. त्यांनाच चिकटवून हिची कुंडी बसवली. सगळं बी पेरलं, जगलं एकच रोप. मिरच्या धरल्या जाड, बुटक्या. मी एक चाखली आणि हसलेच. "हिला मिरची म्हणतात? माझी लवंगी बघ, जिभेला टेकली की बोंब!"

"थांबा ना आई," सून म्हणाली. "मायची मिरची लगेच बोलत नाही."

मी गॅसकडे वळले आणि कानच पेटले माझे. अगो बाई गो! डोळ्यांतून धारा. त्या दिवशी पोरगी आमच्या घरात पहिल्यांदा खळखळून हसली.

पावसात ते झाड सडलं. पण तिने पिकल्या मिरचीचं बी धरून ठेवलं होतं, माझ्या देव्हाऱ्यातल्या उदबत्तीच्या राखेत घोळून. त्या बियांचं रोप यंदा छान वाढलं, आणि मिरच्या आल्या बारीक, टोकदार. तिचं तोंडच उतरलं. मुलाने मोबाइलवर शोधून सांगितलं, कुंड्या अशा खेटून ठेवल्या की माश्या एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर नेतात आणि बी भेसळीचं होतं.

"मायची मिरची घालवली मी," एवढंच म्हणाली आणि जेवलीच नाही. मला माझ्या त्या मेल्या लवंगीचा असा राग आला, की उपटूनच टाकणार होते. पण पोरीचं काय करू ते सुचेना. जीव तुटत होता नुसता.

रविवारी ओट्यावर तिन्ही मिरच्या चिरल्या, मीठ लावलं, मधे मधे खायला कोरडा भात घेतला. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, "आधी चाख, मग काय रडायचं ते रड."

ज्वाला तिने सहज चावली. लवंगीने हाश्श-हुश्श करायला लावलं. मग भात खाऊन, तोंड निवल्यावर, तिने नव्या झाडाची फोड घेतली.

"लगेच लागली," ती म्हणाली. "तुमचीच आहे ही." आणि ताटली माझ्याकडे सरकवली.

मी भाताचं पातेलं झाकलं. तेवढ्यात तिने माझा हात घट्ट धरला, दुसरा हात स्वतःच्या कानावर.

"आई, थांबा. आली... माय आली!"

आणि हमसून हमसून रडायलाच लागली. मीही एक फोड तोंडात टाकली आणि तिला जवळ घेऊन उभी राहिले. विहीणबाईंची नि माझी कधी भेटच झाली नव्हती. थोड्या वेळाने माझेही कान तापले.

मी म्हटलं, "या हो, विहीणबाई."