मागं किती जण बसतात

आमचे हे सायकल चालवत होते, मी पोरीले घेऊन मागं बसली होती. टण्ण आवाज झाला, मंग अजून एक, अन् कॅरियर एकदम खाली बसलं, मी पोरीले छातीशी धरून उडी मारली अन् गिट्टीखदानच्या रोडवर गुडघ्यावर पडली. पोरगी रडे ना म्हणून मी जास्त भ्याली, मंग ती रडली. मागच्या चाकाच्या तारा तुटल्या होत्या. यायनं सायकल ढकलत दुकानात नेली. तिथं पंक्चर चिकटवाच्या सोलुशनच्या वासानं मले मळमळून राहिलं होतं. मिस्त्री म्हणे, "हे चाक नवं बांधा लागते. मागं किती जण बसतात? वजन पाहून तारा टाकतो." हे म्हणे, "बायको अन् पोरगी. दीड धरा." माह्या तोंडून निघालं, "दोन धरा, भाऊ." हे हासले, "काहून वं, पोरगी रात्रीतून मोठी झाली का?" मले पुन्हा दिवस गेले होते, पण कोणाले सांगतलं नव्हतं. पोरगी चालेपर्यंत दुसरं नको, असं यायनं बजावून ठेवलं होतं. "बाई म्हणते तं दोन," म्हणून मिस्त्रीनं जाड तारा काढल्या, चावीनं एकेक ताणली. घरी जाताना चाक अजिबात वाजलं नाही. हे पायडल मारत पुन्हा म्हणे, "सांग न वं, दोन कसे?" मी यायचा सदरा घट्ट धरला अन् घरी पोचल्यावरच सांगतलं. त्या चाकावर आता दोन लेकरं बसतात, पण सोलुशनचा वास आला की अजून तो दिवस आठवते, तवाच सांगाचं होतं का घर येऊ द्याचं होतं, मले समजतच नाही. तुम्ही असत्या तं काय केलं असतं?