माझं वजन त्यांच्या फोनवर

वजन कमी करायला पुन्हा सुरुवात करायची, हे मी ठरवलं होतं. इतर कुणी नव्हे, मी. एका रविवारी चहा पिताना नवऱ्याला तेवढंच म्हणाले, "उद्यापासून परत सुरू करतेय." दुसऱ्या दिवशी कॉलेजातून घरी आले तर दिवाणखान्यात काचेचा नवा वजनकाटा आणि टेबलावर मनगटी घड्याळाचा डबा. काट्यावर अनवाणी उभं राहिलं की वजन आपोआप फोनवर जातं, घड्याळ पावलं मोजतं, झोप मोजतं, हे सगळं त्यांनी मला उत्साहाने समजावून सांगितलं.

"कुणाच्या फोनवर जातं?" मी विचारलं.

"सध्या माझ्याच टाकलंय. तुला ते सेटिंग वगैरे जमायचं नाही."

मी जळगावात ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते. आमच्या कॉलेजची ऑनलाइन हजेरी, निकाल, सगळं माझ्याकडे असतं. पण दिवसभर वर्गात उभी राहून आले होते, वाद घालायचं त्राण नव्हतं. म्हटलं, असू दे.

'परत' म्हणाले, त्यामागे कारण होतं. त्याआधी एकदा मी वजन उतरवलं होतं. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितल्यावर रोज पहाटे मेहरुण तलावाला फेरी मारायचे, रात्री एकच पोळी खायचे. कुर्ते सैल झाले होते, जिना चढताना धाप लागत नव्हती. आणि मग धुळ्याला सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्या मोठ्या दिरांकडे राहतात. दिरांना आम्ही सगळे नाना म्हणतो. त्यांचा दुकानाचा व्याप, जाऊबाईंची पाठ दुखते, नवऱ्याला रजा मिळत नव्हती. मला मात्र मिळाली, बिनपगारी. सासूबाईंना उठवणं, बसवणं, नेणं, आणणं. भांड्यात जे उरेल ते ओट्याशी उभ्या उभ्या खायचं. त्या काठी धरून चालायला लागल्या तेव्हा मी जळगावला परतले, आणि कपाटाच्या तळाशी ठेवलेले जुने मोठे कुर्ते परत बाहेर काढले.

तर काटा सुरू झाला. पहिले काही आठवडे बरे गेले. रोज काय खाल्लं ते फोनमध्ये लिहायचे. त्या यंत्राला आपली भाकरी माहीत नव्हती. मी पीठ मोजून तिचा हिशेब स्वतः बसवून टाकला. पण संध्याकाळ झाली की हे फोनवर आलेख उघडून बसायचे आणि मला समजावायचे. "ही रेघ बघ. बुधवारी वर गेली. मंगळवारी काय खाल्लंस?" गणिताच्या बाईला आलेख! मी पेपर तपासत असले की यांचा आवाज, "घड्याळ म्हणतंय तू दुपारपासून बसूनच आहेस." काट्यावर चढायच्या आधी मला धडकी भरायला लागली. अख्ख्या आयुष्यात परीक्षेला घाबरले नव्हते, ती मी.

त्या हिवाळ्यात नानांनी सोनगीरजवळच्या आमच्या शेतात भरिताचा बेत केला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, मिरच्या-लसूण घालून कुटली, वरून तेलाची धार. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. आम्ही सगळे बांधाजवळ सतरंजीवर बसलो होतो, सासूबाई खुर्चीवर. मी दुसरी पुरी घेतली तसे हे सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझं आजचं झालं हं."

मी दुर्लक्ष केलं. तेवढ्यात नाना हसत म्हणाले, "राहू दे रे, खाऊ दे तिला. तसाही परवापासून काटा वरच जातोय ना?"

माझा हात थांबला. "नाना, तुम्हाला कसं माहीत?"

"अगं, हा टाकतो ना आमच्या भावांच्या ग्रुपवर. आम्ही म्हणतो, बघा, किती मेहनत घेतोय बायकोसाठी."

भावांचा ग्रुप. म्हणजे नाना, धाकटे दीर, यावलचे चुलत दीर, ज्यांना मी लग्नकार्यात फक्त नमस्कार करते. या सगळ्या पुरुषांनी आठवडेच्या आठवडे चहा पिता पिता माझ्या शरीराचा आलेख पाहिला होता. मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि यांच्या मांडीवर टाकलं.

"मेहनत तुम्हीच घेताय ना? मग घाला हे. चाला तुम्हीच."

"अगं, चेष्टेत..."

"मला चेष्टा वाटली नाही."

जाऊबाई खाली बघत पुऱ्या मोजल्यासारख्या चाळवत होत्या. तेव्हा सासूबाईंनी काठी जमिनीवर आपटली. घरच्यांशी त्या कायम अहिराणीच बोलतात. "तिले कोनी काही बोलू नका. मना पाय मोडना तवय बठ्ठं तिनीच करं. तवय कोठे व्हतात तुम्ही?" म्हणजे, माझा पाय मोडला तेव्हा सगळं हिनेच केलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात.

मी ती पुरी खाल्ली. चव कळली नाही, पण पूर्ण खाल्ली.

परतताना गाडी पारोळ्यापर्यंत आली. मग हे म्हणाले, "मी काळजीपोटीच केलं."

"काळजी? धुळ्याला होते तेव्हा रोज फोन करायचात. आईने औषध घेतलं का, आई झोपली का. एकदा तरी विचारलंत, तू जेवलीस का? तेव्हा माझं काहीच मोजावंसं वाटलं नाही तुम्हाला."



घरी आल्यावर मी काटा पलंगाखाली सरकवला. बरेच दिवस तो तिथेच होता. चालायला जात नव्हते, लिहीत नव्हते, आणि रागाच्या भरात दुपारी फरसाण खायचे. मग लक्षात आलं की यात नुकसान माझंच चाललंय. साखर माझी, गुडघे माझे. एका सकाळी काटा ओढून बाहेर काढला, पुसला, यांच्या फोनवरून तो काढून टाकला आणि माझ्या फोनला जोडला. सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागला. नवा पासवर्ड घातला. घड्याळही परत घेतलं, पण त्याचं उठसूट गुरगुरणं बंद केलं. रेघ वर गेली तर मी बघते, मी विचार करते, मी ठरवते. पेपर तपासायच्या दिवसांत ती वर जाते. जाऊ दे.

यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, "किती झालं?"

"सांगावंसं वाटलं तर सांगेन."

ते तसेच परत गेले. ग्रुपवर त्यांनी काय लिहिलं, काही लिहिलं की नाही, मी विचारलं नाही.

उन्हाळ्यात तपासणीला गेलो. साखर उतरली होती. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि माझ्या शेजारी बसलेल्या यांच्याकडे बघून ते म्हणाले, "छान! तुम्ही चांगलं लक्ष ठेवलंय यांच्यावर."

माझ्या डोक्यात पुन्हा ती शेतातली तिडीक उठली. "डॉक्टर, पेशंट मी आहे. माझ्याकडे बघून बोला."

डॉक्टर गडबडले, चष्मा सारखा करून माझ्याकडे वळले. हे खुर्चीत जरा सावरून बसले आणि म्हणाले, "हो. मी नुसता गाडी घेऊन आलोय."

ते पहिल्यांदा खरं बोलले होते. तरी बाहेर पडून गाडीत बसेपर्यंत माझा राग काही गेला नव्हता, आणि तो घालवायची मला घाईही नव्हती.