दोन्ही अंगं

माझ्या प्रयोगात चुंबकाचा एक थर होता, केसाहून हजारो पट पातळ. त्यातून वीज सोडली की चुंबकाची दिशा किंचित ढळायची. हे विजेचंच काम, असं मी तीन वर्षं मानत आले. त्यावरचा पेपर पाठवायचा होता, आणि माझी फेलोशिप पुढे चालणं त्या पेपरवर अवलंबून होतं.

मे महिन्यात आखाडा बाळापूरला घरी गेले. बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. एक शेतकरी भर उन्हातून मोटरसायकलवर विहिरीची मोटार घेऊन आला.

"एका अंगाला इतकी तापली, हात लावू देऊन न्हाई राहिली. जळालीच समजा. खोला."

बाबांनी ती सावलीत सरकवली. "ऊन लागलंय तिला. दोन्ही अंगं बराबर होऊ द्या, मंग बोला." दुकानाचा तो नियमच.

"म्याडम, इंग्लिश शाळेत हे शिकवतेत का?" शेतकऱ्यानं मला विचारलं. मी नेहमीसारखी मान खाली घालून तारा गुंडाळू लागले.

तासाभरानं मोटार ठीक निघाली, एक वायर ढिली होती. मला मात्र माझा प्रयोग आठवला होता. माझा थर खालून थंड तांब्याला चिकटवलेला असे, आणि विजेनं तो वरून तापे. दोन्ही अंगं कधीच बराबर नव्हती. वरून खाली वाहणारी उष्णताही इतक्या पातळ चुंबकाला ढकलू शकते, हे मी वाचलं होतं. तपासायची भीती वाटली होती.

परत प्रयोगशाळेत गेल्यावर तांबं वरच्या बाजूइतकंच तापवलं. वीज तेवढीच ठेवली. चुंबकाची दिशा ढळली नाही; ते काम विजेचं नव्हतंच. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

माझ्या मार्गदर्शक सरांनी आलेख पाहिला. "कुणाला दाखवलंस?"

"नाही."

"मग नको दाखवूस. पेपर आहे तसा पाठव."

"सर, तो पाठवता येणार नाही."

"फेलोशिप जाईल."

"हो, सर."

संध्याकाळी बाबांना सगळं फोनवर सांगितलं. पलीकडे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

"बाई, दोन्ही अंगं बराबर करून पैलेच काहून न्हाई पाहिलं?"

उत्तर माझ्याकडे होतं. फोन ठेवेपर्यंत मी ते दिलं नाही.