गुलाबी चेंडूला लागलेली बाही

माझ्या नवऱ्याला स्नूकरचं वेड होतं, आणि लग्नानंतरची काही वर्षं मलाही त्या वेडाचं कौतुक होतं. आम्ही तेव्हा कसबा बावड्याला नव्या वसाहतीत राहायचो. तो बँकेत अधिकारी. बँक सुटली की स्कूटर सरळ क्लबाकडे. रविवारी जेवणाच्या टेबलावर लिंबं मांडून मला खेळ समजावून सांगायचा. काठीच्या टोकानं पांढरा चेंडू मारायचा आणि त्यानं बाकीचे चेंडू टेबलाच्या कडेच्या जाळ्यांत पाडायचे. कुठल्याही चेंडूला हात, बाही, काहीही लागलं की फाउल.

“आणि पंचाला दिसलंच नाही तर?” मी एकदा विचारलं.

“तर आपण होऊन सांगायचं,” तो म्हणाला. “सभ्य माणसांचा खेळ आहे हा.”

हे मी माहेरीसुद्धा सांगितलं होतं, अभिमानानं.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात राज्याच्या रँकिंगची स्पर्धा आमच्या क्लबात भरली. जो पहिला येईल त्याला राज्याच्या संघात जागा. अंतिम सामन्याला खेळाडूंच्या बायकांना खास आमंत्रण होतं. म्हणजे नटूनथटून वेताच्या खुर्च्यांवर बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या. क्लबाचे सेक्रेटरी तोंडात तंबाखूच्या पानाचा तोबरा धरूनच स्वागत करत होते. “या वैनी, तुम्ही आला म्हणजे शोभा आली!” असं म्हणताना त्यांच्या हनुवटीवर लाल ओघळ आला. बाहेर मांडवात तांबड्या रश्श्याला फोडणी बसलेली, आत घामट कोट, सिगारेटी आणि अत्तर. माझं डोकं तिथंच दुखायला लागलं होतं.

अंतिम सामन्यात नवऱ्यासमोरचा खेळाडू जवळच्या गडमुडशिंगी गावचा. त्याच्या घरची लाकडाची वखार होती, मुसलमान कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. तिशीतला, अबोल माणूस. क्लबाचे लोक त्याला ‘वखारवाला’ म्हणत आणि असं म्हणताना एकमेकांकडे बघून हसत.

सामना बरोबरीत आला आणि शेवटच्या डावात टेबलावर तीनच रंग उरले: निळा, गुलाबी, काळा. तिन्ही पडले तरच माझा नवरा जिंकणार होता. मधे एक जरी चूक झाली तरी खेळ संपला.

निळा चेंडू लांब होता. नवरा टेबलावर पार ओणवा झाला, डावा हात पुढं पसरला. उकाड्यामुळे मनगटाचं बटण उघडं ठेवलेलं. मी बरोबर त्या हातासमोर बसले होते. लोंबती बाही गुलाबी चेंडूवरून घसरली आणि चेंडू जागच्या जागी हलला. अगदी किंचित, पण हलला. पंच त्याच्या पाठीमागं उभे, त्यांना फक्त त्याची पाठ दिसत होती.

नवऱ्यानं खाली पाहिलं. मग मान वर केली आणि माझी त्याची नजरानजर झाली. मला वाटलं, आता सरळ उभा राहील आणि पंचांना सांगेल. त्यानं माझ्यावरची नजर काढली आणि फटका मारला. निळा पडला. मग गुलाबी पडला. मग काळा.

टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी गुलालाची पुडी फोडली. सेक्रेटरींनी त्याला मिठी मारली. वखारवाल्यानं पुढं होऊन हात मिळवला, काठी पिशवीत घातली आणि गर्दीतून निघून गेला.

नवरा पेढ्याचा बॉक्स घेऊन माझ्यापाशी आला. सगळ्यांदेखत पेढा माझ्या तोंडात घातला. त्याच्या बोटांना काठीला लावायच्या खडूची निळी भुकटी होती. ती चव आणि तो गोड गोळा जिभेवर आला तशी मी उठले. मी मोरीकडे जाऊन तो थुंकून टाकला.

घरी सासूबाई निरांजन लावून दारात उभ्या होत्या. “ओवाळ गं त्याला. आन पाय धुवायला पानी दे.”

“मी ओवाळणार नाही,” मी म्हणाले.

“का? काय झालं?”

“त्यांनाच विचारा.”

“दमलीय ती,” नवरा म्हणाला आणि आईसमोर जाऊन उभा राहिला. सासूबाईंनी ओवाळलं. आमच्या खोलीत आल्यावर मी दार लोटलं.

“बाही लागली होती.”

“पंचाला दिसली नाही.”

“तुम्हाला दिसली.”

“असल्या बारीकसारीक गोष्टींवर माणूस संघातली जागा सोडत नसतो,” असं म्हणून त्यानं आरशात बघून केसांतला गुलाल झटकला. तो शीळ घालत होता. ती शीळ ऐकून मला जो किळस आला, तसा त्याआधी कुठल्या माणसाचा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं गडमुडशिंगीला गेले. वखारीत करवत चालू होती. मला बघून त्यानं ती बंद करायला लावली, आतून खुर्ची मागवली.

“काल फाउल होता,” मी म्हणाले. “गुलाबीला बाही लागली. मी पाहिलं.”

“मीबी बघितलं की, वैनी.”

“मग बोलला का नाही?”

“ते त्यांनी बोलायचं असतंय. मी बोललो असतो तर सगळे म्हनले असते, हरला म्हनून कांगावा करतोय.” मग म्हणाला, “च्या घेऊन जावा. ह्यात तुमचं काय न्हाय.”

नवरा संघातून खेळायला गेला, पहिल्याच फेरीत हरून आला. पण निळा ब्लेझर मिळाला होता. लग्नामुंजीत भर उन्हात तो घालून मिरवायचा. त्याला इस्त्री मी कधी केली नाही. तो धोब्याकडे द्यायचा. आणि घरी पाहुणे आले की त्या सामन्याची गोष्ट ठरलेली. दर खेपेला निळा चेंडू आणखी लांब जायचा. मी उठून स्वयंपाकघरात जायची.

एकदा बँकेचे दोघं जण चहाला आले होते. गोष्ट सांगून झाल्यावर नवरा म्हणाला, “वखारवाला खेळायचा बरा, पण त्या लोकांच्यात खानदानी खेळ नसतो.”

मी चहाचा ट्रे ठेवला. “गुलाबीला ह्यांची बाही लागली होती,” मी म्हणाले. “ह्यांनी सांगितलं नाही. त्या माणसानं पाहिलं होतं, तरी हात मिळवून गेला.”

“ही गंमत करते,” नवरा हसत म्हणाला.

“मी गंमत करत नाही.”

पाहुण्यांनी चहा भराभर संपवला आणि ते उठले. दार लागल्यावर नवरा माझ्यावर ओरडला, “चार लोकांत माझी लाज काढलीस!” सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“खरं हाय व्हय रं हे?” त्यांनी विचारलं.

त्यानं स्कूटरची किल्ली उचलली.

“मग त्या मानसाला जाऊन सांगितलंस का अजून?”

नवऱ्यानं पायात चपला सरकवल्या आणि स्कूटर काढली. क्लबात गेला असणार. तिथं त्याला असं विचारणारं कुणी नव्हतं.