मूठ आणि शाई

सभेत भाऊ मूठ वर करायचे, तेव्हा बाहेरून आलेल्या पुढाऱ्यांना ती घोषणा वाटायची. ते बिचारे आपलीही मूठ उगारायचे. आम्ही आलापल्लीवाले मात्र आधी भाऊंचा अंगठा पाहायचो. तो बोटांच्या आत दडलेला असे.

"शाई दिसली का मूठ झाका!" हे त्यांचं पालुपद. लाकडाच्या ठेक्यावर हंगाम सुरू झाला की मुनीम शाईचा डबा पुढे करी आणि न वाचलेल्या कागदावर मजुरांचे अंगठे घेई. मग तो माणूस हंगामभर दुसरीकडे जायला मोकळा नसे. भाऊ स्वतः आराकस, सागाचे ओंडके चिरण्यात उमेदीची वर्षं गेलेली. युनियन काढली तेव्हा भाषणबिषण फारसं केलंच नाही. मूठ झाकायला शिकवलं, एवढंच. दोन हंगामांत मुनिमाचा डबा वाळून गेला.

तुम्हीही असे पुढारी पाहिले असतील, ज्यांना गर्दी लागते. भाऊंना माणूस लागायचा. लाकडाच्या डेपोत आले की एकेकापाशी उकिडवे बसत, तंबाखू मागून घेत आणि विचारत, "काऊन बा, चेहरा काऊन उतरला?" मी शाळामास्तर, युनियनशी माझा संबंध नाही, तरी मलाही सोडत नसत.

देशाच्या पहिल्या निवडणुकीला भाऊ विधानसभेसाठी उभे राहिले; तेव्हा आमची विधानसभा नागपूरला भरे. मुनीम चहाच्या दुकानात उघड म्हणे, "भाऊशिवाय या लोकांचं पान हलत नाही. भाऊ नागपूरला गेला की युनियन खलास." खरं सांगायचं तर ही भीती भाऊंनाही होती. मला म्हणालेही होते, "गुर्जी, जितलो त माह्या मागं या लोकायचं कसं होईन?"

मतदान आमच्याच शाळेत होतं आणि बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे. सकाळपासून मजुरांची ही रांग! नटूनथटून आलेले सगळे. पहिला माणूस टेबलाशी आला, मी शाईची काडी उचलली आणि त्याने झटकन मूठ मिटली. दुसऱ्यानेही मिटली. तिसरीने तर दोन्ही हात पदराआड नेले. शाई नाही तर मतपत्रिका नाही, आणि एकही मूठ उघडेना. विरोधी उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून मुनीम कोपऱ्यात बसला होता. त्याच्या आयुष्यातली सर्वांत गोड सकाळ असावी ती.

केंद्राध्यक्ष घामाघूम झाले. त्यांनी भाऊंना बोलावलं आणि बजावलं, "फक्त शाईचं समजावा. मत मागायचं नाही."

भाऊ ओसरीवर आले. रांगेत पुढे होती एक म्हातारी, ओंडक्यांची सालं सोलणाऱ्या बायांची मुकादम. सारे तिला बाईच म्हणत. तिने भाऊंना फैलावरच घेतलं.

"तूच म्हनला होता ना, शाई दिसली का मूठ झाक?"

"म्हनलो होतो, बाई. पन तवा कागद मुनीम ठेवून घे. आज कागद तुया हाती राह्यते. तूच पेटीत टाकशीन."

"मंग शाई कायले?"

"कोनी दुसऱ्यांदा येऊ नाई म्हून."

"कोनत्या पेटीत टाकला, थे तुले दिसन?" तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे.

"कोनालेच नाई दिसत. मलेबी नाई."

बाईने डोळे बारीक केले. "अन् तुले नाई देल्लं त?"

"तरी बोट तुयंच, बाई."

एवढं बोलून भाऊ निघून गेले. 'माझ्याकडे बघा आणि हात पुढे करा' म्हणाले असते, तर साऱ्या रांगेने डोळे मिटून बोट दिलं असतं. ते त्यांना नको होतं. बाईने मुठीतून एक बोट सोडवून माझ्यापुढे धरलं. तिच्यामागे बाकीचे आले, पण प्रत्येकाने आधी बाईला काहीतरी विचारून घेतलं.

भाऊ निवडून आले. "बसाले एकच खुर्ची बरी," म्हणत त्यांनी युनियनचं अध्यक्षपद सोडलं. मजुरांनी ते बाईला दिलं.

पुढच्याच हंगामात ठेकेदाराने पुन्हा अंगठे मागितले. भाऊंना नागपुरात कळलं आणि अधिवेशन टाकून ते मोटारीने धावले. वाटेत मोटार बिघडली. पोचले तेव्हा डेपोत सभा ऐन रंगात होती आणि ओंडक्यावर उभी राहून बाई बोलत होती. पांढऱ्याशुभ्र धोतरातले आमदार समोर जाऊन उभे राहिले, घसा खाकरला. आता वाट करून देतील, असं त्यांना वाटलं असावं.

"भाऊ, खाली बसा ना जी," मागून कोणीतरी ओरडलं, "मांगच्याले दिसून नाई राह्यलं!"

भाऊ खाली बसले. त्या सभेत त्यांना कोणी बोलायला बोलावलंच नाही. संध्याकाळपर्यंत ठेकेदाराने कागद मागे घेतला, तोही बाईशी बोलून.

भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. विधानसभेत त्यांनी काय काय केलं ते इतर लोक सांगतील. मला त्या संध्याकाळी परतीच्या मोटारीत चढणारे भाऊ दिसतात. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. धोतराला मागून सागाचा भुसा चिकटला होता. मी म्हटलं, "भाऊ, झटका तो."

"राहू द्या, गुर्जी," ते म्हणाले. "तिथं नागपुरात दिसू द्या."