छर्रेमामांची काडतुसे

आमच्या घराण्यात पहिला बी. ए. मी झालो. याचे ऋण सर्वांत अधिक कुणाचे असेल तर ते छर्रेमामांचे. सोलापुरात सात रस्त्याजवळ त्यांचे बंदुका दुरुस्त करण्याचे आणि काडतुसे भरण्याचे परवान्याचे दुकान होते. जिल्ह्यातल्या नामांकित शिकाऱ्यांची काडतुसे त्यांच्या हातची असत, पण त्यांनी स्वतः जन्मात कधी बंदुकीचा चाप ओढला नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणत, "आचाऱ्यानं पंगतीला बसायचं नसतंय."

ते माझे सख्खे मामा नव्हेत. ते जातीने लोहार, आम्ही धनगर. दोघांची घरे नातेपुत्याच्या बाजूच्या एकाच खेड्यात. माझे वडील आणि ते बरोबर वाढले. पुढे मामा सोलापूरला कारागिरी शिकायला गेले आणि तिथलेच झाले. माझ्या आईला त्यांनी बहीण मानले होते.

मामांच्या लहानपणी गावोगाव ठासणीच्या बंदुका होत्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी घालायची, मग छर्रे, आणि सगळे गजाने ठासायचे. मला कळू लागले तोवर बड्या लोकांनी त्या माळ्यावर टाकल्या होत्या आणि मागून उघडणाऱ्या दुनळ्या घेतल्या होत्या. दुनळीत पितळी काडतूस बसे. बार झाला की रिकामे काडतूस फेकून देत नसत. ते पिशवीतून मामांकडे येई. मामा त्यात दारू पेटवणारी नवी टोपी, मोजून दारू, पुठ्ठ्याची चकती, छर्रे आणि वर आणखी एक चकती बसवून तोंड मेणाने बंद करीत. आपली काडतुसे भरून होईपर्यंत वकील, गिरण्यांतले अधिकारी, देशमुख, इनामदार दुकानाच्या बाकावर बसत आणि कुणाची बंदूक नवी, कुणाची भारी, यावर वाद घालत. मामा मान वर न करता ऐकत. एकदा एका वकिलांनी त्यांचे मत विचारले, तेव्हा म्हणाले, "ठासणीवाल्याला एकच बार आसतो. म्हणून त्यो बघून मारतो. दुनळीवाला दोनदा चुकायला मोकळा."

माझे वडील आमच्या गावच्या इनामदारांच्या हाक्यात गेले. हाका म्हणजे झुडपांतून आरडत जनावर शिकाऱ्याच्या पुढ्यात काढणे. गावातल्या धनगरांना ते काम सांगितले जाई, विचारले जात नसे. ससा निघाला, इनामदारांनी खालून बार टाकला, आणि तरवडाच्या झुडपापलीकडे उभे असलेले माझे वडील पडले. घरी आणेपर्यंतसुद्धा राहिले नाहीत. पंचनाम्यात सगळ्यांनी अंगठे दिले की माणूस सांगितलेली जागा सोडून आला.

मामा दहाव्याला आले. त्या दिवशी इनामदार चावडीवर पानसुपारी खात बसले होते आणि कुणा पाहुण्याला समजावत होते. "माझा नेम चुकला, असं कुणी म्हणू नये. ससा होता तिथंच बार गेला. माणूसच आडवा आला." मामांनी हे उभे राहून ऐकले आणि घरी येऊन आईला आणि मला सोलापूरला नेण्याची तयारी केली. गाडीत आई रडत होती. मामा बाहेरच्या माळाकडे पाहत होते. म्हणाले, "नेम चुकत न्हाय म्हंतो. चुकंल की."

सोलापुरात आई गिरणीत लागली आणि मी शाळेत. मामा रोज संध्याकाळी माझी पाटी बघत. त्यांना स्वतःला अक्षरावर बोट ठेवून वाचावे लागे, म्हणून माझे अक्षर चांगले असावे यावर त्यांचा फार कटाक्ष. दुकानात मात्र ते मला कशाला हात लावू देत नसत. छर्र्यांच्या डब्यांशेजारी एक डबा ज्वारीचा होता. तो चिमण्यांसाठी असेल असे मला कितीतरी वर्षे वाटत होते.

हायस्कुलात गेल्यावर एक दिवस मी त्यांना इनामदारांची काडतुसे भरताना पाहिले. इनामदार मामांचे जुने गिऱ्हाईक. हा मिस्त्री मूळचा कुठला, मेलेल्या धनगराचा कोण, हे विचारण्याची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. मामांनी छर्रे नावापुरतेच घातले आणि वर त्या डब्यातली मालदांडी ज्वारी घालून चकती दाबली. दारू पुरी होती, त्यामुळे बार मोठा होणार आणि पाखराला लागणार दाणे. मी पाहतो आहे हे त्यांनी पाहिले, पण लपवले नाही.

"सगळ्यांत घालता?" मी विचारले.

"न्हाय. सगळ्यांत घातली तर त्याला कळंल, काडतूस खराब हाय. मधी मधी चोख भरायचं. एक पाखरू पडंल, चार जातील. मग त्याला वाटंल, आपला हातच खराब हाय."

माझ्या अंगात त्या वयात राग मावत नव्हता. मी म्हणालो, "मामा, दारूच जास्त भरा की. बंदूक फुटू दे त्याच्या तोंडावर."

मामा हसले नाहीत. म्हणाले, "आरं, मेलेल्याला समदी चांगलं म्हंत्यात. तेला जित्ता ठिवायचा आन् चुकवायचा. त्याच्याजवळ दुसरं हाय काय? जिमीन बापाची, वाडा आज्ज्याचा. त्याचं सोताचं म्हणून येकच, नेम. त्यो घ्यायचा."

मी वकील होऊन ते प्रकरण पुन्हा उकरीन म्हणालो, तर त्यांनी तेही उडवून लावले. "कोर्टातनं त्यो सुटंल. हितनं सुटत न्हाय. तू आपला शीक. हे माझं काम हाय."

आणि ते काम त्यांनी मन लावून केले. दोन-तीन हिवाळ्यांत फरक दिसू लागला. ज्यांच्या नेमाची पूर्वी शपथ घेत, त्या इनामदारांवर बाकावर विनोद होऊ लागले. एक देशमुख म्हणाले, "त्यांचा बार झाला की तितर मागं वळून बघतो आणि सावकाश जातो." सगळे पोट धरून हसले. मामांनी फक्त मेणाचे भांडे शेगडीवर सरकवले. ते लोक गेल्यावर मला हळूच म्हणाले, "दुसरे लोक पाखरं मारत्यात. आपला धनी पाखरास्नी दाणे घालतोय. पुण्य लागंल त्याला."

दर भाऊबीजेला आई त्यांना ओवाळी. तिने पहिल्याच वर्षी सांगून ठेवले होते की मला लुगडे नको, चोळी नको. म्हणून मामा पाटावर बसले की तबकात एक सुपारी ठेवत आणि वर्षाची बातमी सांगत. "आक्का, औंदा पाव्हण्यांदेखत बदकावर दोन्ही बार टाकलं. बदकं पान्यावरच बसली." आई डोळे मिटून ऐके. मग निरांजन ओवाळी आणि म्हणे, "लई दिलंसा, दादा." वडील गेल्यानंतर ती मनापासून हसताना मी फक्त त्या दिवशीच पाहिली.

एका उन्हाळ्यात आमच्या गावाकडे लांडगा मेंढरांत शिरू लागला. इनामदारांनी जाहीर केले की लांडगा मीच मारणार, आणि काडतुसांची पिशवी मामांकडे पाठवली. त्याच आठवड्यात आमचा एक म्हातारा भाऊबंद आपल्या ठासणीच्या बंदुकीसाठी दारू न्यायला आला. राखणीच्या परवान्यावरची जुनाट बंदूक, नळीला तार गुंडाळलेली. मामांनी ती खोलली, साफ केली, छर्रे निवडून दिले आणि बजावले, "तात्या, त्याच्या आदी जाऊ नगा. त्याचं दोन्ही बार होऊ द्या, मग तुमी मारा."

तात्यांनी तसेच केले. इनामदारांचे दोन्ही बार वाया गेले, आणि पळता लांडगा तात्यांनी एकाच बाराने आडवा केला. गावाने लांडगा वाजत-गाजत मिरवला तो तात्यांच्या दारापुढे. त्या वर्षीची भाऊबीज आमच्याकडे फार थाटाची झाली.

मी पुण्याला कॉलेजात होतो तेव्हा पुन्हा वारे फिरले. टोपीवर आपटणारे घोडे आतच दडवलेल्या नव्या बंदुका आल्या, आणि त्यांच्याबरोबर कारखान्यात भरलेली, लाल कागदाची विलायती काडतुसे. धूर कमी, मार भारी, आणि एकदा वापरून फेकून द्यायची. मामांच्या बाकावरची गर्दी ओसरू लागली. दिवाळीच्या आधी मी घरी आलो होतो, तेव्हा इनामदार स्वतः नवी बंदूक दाखवायला दुकानात आले.

"मिस्त्री, मुंबईहून आणली. आता तुमच्या पितळेला रामराम."

मामांनी एक लाल काडतूस हातात घेतले, कानाजवळ हलवून पाहिले, आणि खरे तेच बोलले. "लई चोख काम हाय, सरकार."

"इतकी वर्षं माझं काय चुकत होतं, ते आता कळेल," इनामदार म्हणाले.

ते गेल्यावर मामा दुकान उघडे असून काही न करता बसून राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. त्या माणसाच्या हाती आता खरे छर्रे आले होते. तो पुन्हा पाखरे पाडणार, पुन्हा चावडीवर बसून आपल्या नेमाच्या गोष्टी सांगणार, आणि माझे वडील पुन्हा आडवे आलेला माणूस होणार.

भाऊबीजेला मामा पाटावर बसले आणि त्यांनी सुपारीसुद्धा ठेवली नाही. "आक्का, औंदा काय न्हाय," ते म्हणाले. मला वाटले, आई आता जाऊ दे म्हणेल. तिने हातातल्या निरांजनाची वात सारखी केली. म्हणाली, "आसू द्या. पुढल्या साली आना."

पदवी मिळाल्यावर मला प्रांत कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. त्या पौषात साहेबांचा मुक्काम नातेपुत्याला पडला. तिथून मी मामांना एक पत्र पाठवले. पत्राबरोबर गेलेली काडतुसे मामांनी भरली, ती त्यांच्या हातची शेवटची. उन्हाळ्यात ते तापाने गेले. सूड धरू नये असे मी पुष्कळ पुस्तकांत वाचले आहे. पण मला माणूस केले ते त्या माणसाने, आणि त्याचा सूड मला आजही वाईट वाटत नाही. त्यांच्या पेटीतले ते पत्र त्यांच्या पुतण्याने मला परत दिले. तसेच उतरवून देतो.

मुक्काम नातेपुते

तीर्थस्वरूप मामांचे सेवेसी बालके बिरूचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

काल इनामदारांनी साहेबांसाठी तळ्यावर बदकांची शिकार ठेवली होती. कागदपत्रे घेऊन मलाही जावे लागले. नवी बंदूक, लाल काडतुसे, सगळे होते. बदके डोक्यावरून इतकी खाली गेली की मला त्यांचे पाय दिसले. इनामदारांनी दोन्ही बार टाकले. एकही पडले नाही. दुसऱ्या थव्यालाही तेच. नंतर त्यांची तीच बंदूक आणि तीच काडतुसे साहेबांनी घेतली, तर लागोपाठ बदके पडली. म्हणजे मालात खोट नाही.

मी त्यांच्या बाजूलाच उभा होतो, म्हणून नीट पाहिले. चाप ओढण्याआधी ते डोळे मिटतात. खांदा आधीच मागे घेतात. बार होण्यापूर्वीच त्यांना ठाऊक असते की चुकणार. मामा, तुमचे काम झाले आहे. ते आता काडतुसात राहिलेले नाही, त्यांच्या हातात उतरले आहे.

ते सर्वांदेखत म्हणाले की विलायती माल दमट निघाला, सोलापूरच्या मिस्त्रीची काडतुसे असती तर ही वेळ आली नसती. आमचा शिपाई सोलापूरला निघाला आहे असे कळताच त्यांनी जुनी पितळी काडतुसे मागवून पिशवी माझ्याकडे दिली. माझे नाव विचारले. मी वडिलांच्या नावासकट सांगितले. त्यांना ते आठवले नाही.

पिशवी शिपायाबरोबर पाठवीत आहे. माझी एकच विनंती आहे. या खेपेस ज्वारी घालू नये. सगळी काडतुसे चोख, पुऱ्या छर्र्यांनी भरावीत. तरीही त्यांचा नेम चुकेल, आणि मग दोष द्यायला त्यांच्याजवळ काहीच उरणार नाही.

आपला आज्ञाधारक
बिरू